आजोबा फौजेत होते: नोकरीचे आणि पेन्शनचे कागद शोधायचे कसे

फौजेचे कागद नावावर सापडत नाहीत, नंबरावर सापडतात. नव्याने शोध घेणारे बहुतेक जण इथेच अडतात. थेट दिल्लीला अर्ज धाडतात, "माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, माहिती मिळावी", आणि उत्तर येतं की सैनिक क्रमांक व पलटण कळवा. तेच माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या कार्यालयाचीही अडचण समजून घ्या. शिंदे, पवार, जाधव, गायकवाड या आडनावांची हजारो माणसं एकेका रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या, दप्तरात आहेत. तेव्हा शोधाची सुरुवात घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून करायची. इथली गावं-उदाहरणं सोलापूर जिल्ह्यातल्या घरांसाठी आहेत.

त्याआधी एक खात्री करून घ्या. "आजोबा मिलिटरीत होते" असं घरात म्हणतात तेव्हा ती फौजच असते असं नाही. सोलापुरात सोरेगावला राज्य राखीव दलाचा, म्हणजे एसआरपीचा तळ आहे. एसआरपी, जिल्हा पोलीस, होमगार्ड, रेल्वे पोलीस या सगळ्या खाकी वर्दीला पुढच्या पिढीत सरसकट "मिलिटरी" म्हटलं जातं. एसआरपी आणि पोलिसांचं पेन्शन राज्य सरकारचं. त्याचे कागद कोषागार आणि त्या-त्या गटाच्या कार्यालयात मिळतील, सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात कधीच नाहीत. जुना फोटो असेल तर टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं आणि पट्ट्याचं बक्कल मोठं करून पाहा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी खात्री गावाची. आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा अखंड ब्रिटिश मुलुख नव्हता. अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होतं, मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे होतं आणि तुळजापूर-परंड्याकडे हद्द ओलांडली की निजामाचं राज्य होतं. संस्थानिक किंवा निजाम स्वतःचं सैन्य बाळगत. पूर्वज त्या सैन्यात असेल तर ब्रिटिश भारतीय सैन्याच्या दप्तरात त्याचं नाव यायचं कारण नाही. जत, मंगळवेढा, अक्कलकोट, नळदुर्ग या पट्ट्यातल्या घरांनी हे आधी तपासावं.

पेटीत काय शोधायचं

सगळ्यात मोलाचं म्हणजे डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना जवानाला मिळणारी पुस्तिका. यात सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, भरतीची व सुटकेची तारीख, गाव-तालुका, अंगावरच्या खुणा, पदकं आणि सुटकेचं कारण असतं. कारणाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. भरतीच्या अटी पूर्ण झाल्याने सोडलं असेल तर पेन्शन किंवा रिझर्व्हची शक्यता असते. स्वतःच्या विनंतीवरून किंवा युद्ध संपल्यावर संख्या कमी करताना सोडलं असेल तर बहुधा ग्रॅच्युइटी देऊन हिशेब मिटवलेला असतो. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती होऊन 1946-47 मध्ये घरी आलेल्या असंख्य जवानांचं हेच झालं. "आजोबांचं पेन्शन कुणीतरी खाल्लं" असा जो समज घरोघर असतो, त्याचा उलगडा पुष्कळदा या एका ओळीत होतो.

डिस्चार्ज बुक नसेल तर पेन्शनचा हुकूम म्हणजे पीपीओ, बँकेचं किंवा पोस्टाचं जुनं पासबुक, माजी सैनिकाचं ओळखपत्र, मनिऑर्डरच्या पावत्या आणि पलटणीतून आलेली पत्रं पाहा. जुन्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो. त्यातल्या क्रमांकावरून त्या तारखेला तुकडी कुठे होती याचा माग काढता येतो.

आणि पदकं. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातली भारतीय जवानांना दिलेली पदकंही पुष्कळदा नावानिशी आहेत. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूला असतो. घरात एवढंच पदक उरलं असलं तरी शोध सुरू होऊ शकतो. मात्र दिवाळीला चिंच, राख किंवा पितांबरी लावून घासलेलं पदक हाती आलं तर कडेवरची अक्षरं अर्धीमुर्धी गेलेली असतात. आता तरी घासू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, अंधाऱ्या खोलीत टेबलावर पदक आडवं धरा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, कडेला जवळजवळ समांतर लावा. उजेड तिरका पडला की झिजलेल्या अक्षरांची सावली उमटते. पदक थोडं थोडं फिरवत आठ-दहा फोटो घ्या आणि मग निवांत वाचा. तीन आणि आठ, एक आणि सात यांत गोंधळ होतो. शंका असेल तर दोन्ही वाचनं लिहून ठेवा.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं. ते काशाचं निघालं तर पूर्वज लढाऊ शिपाई नसून मजूर तुकडीत किंवा हमाल-खेचरवाल्यांत असण्याची दाट शक्यता आहे, आणि शोधाची दिशा बदलते. तळहाताहून मोठी काशाची गोल तबकडी असेल तर ती युद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवलेली. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर किंवा हुद्दा नाही.

घडी पडून तुटायला आलेला कागद उलगडण्याआधी आहे तसा फोटो काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. गरम प्लास्टिकमध्ये जुनी शाई फिकटते आणि नंतर कागद सोडवता येत नाही.

पलटण ओळखली की रेकॉर्ड ऑफिस कळतं

जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांचे कागद त्या-त्या रेजिमेंटच्या किंवा कोरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. बॉम्बे सॅपर्स म्हणजे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं पुण्यात खडकीला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं म्हणजे संदेशवहन दलाचं जबलपूरला, ईएमईचं म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या कोरचं सिकंदराबादला, आर्मी मेडिकल कोरचं लखनौला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला आणि नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला. अधिकाऱ्यांचे कागद दिल्लीत सेना मुख्यालयाकडे असतात.

नंबरच मदत करतो. स्वातंत्र्यानंतरचा सात आकडी क्रमांक 27 ने सुरू होत असेल तर साधारणपणे मराठा, 45 ने असेल तर महार आणि 15 ने असेल तर बॉम्बे सॅपर्स. शेवटी इंग्रजी अक्षर असेल तर तेही नंबराचाच भाग समजून लिहा. त्याआधीच्या काळात पलटणी आपापले नंबर देत. चार-पाच आकडी नंबर पलटणीच्या नावाशिवाय काहीच सांगत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या पलटणींची नावं आज कुठेच दिसत नाहीत, म्हणून ही ओळ कागदावर उतरवून ठेवा. 1922 च्या फेररचनेत 103, 105, 110, 116 आणि 117 या मराठा पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. 114 वी दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. पदकावर 110 आणि डिस्चार्ज बुकात तिसरी बटालियन असं दिसलं तर ती दोन माणसं नव्हेत, एकच आहे.

महार कुटुंबांसाठी एक सूचना. आजची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला उभी राहिली. त्याआधी 1917 मध्ये 111 वी महार पलटण काढली होती, ती युद्धानंतर मोडली. 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद झाली होती, पण त्यापूर्वीच्या बॉम्बे आर्मीच्या बऱ्याच पलटणींत महार शिपाई होते. पूर्वजाची नोकरी 1941 च्या आधीची असेल तर सागरच्या नकारावरून शोध थांबवू नका; तो कागद तिथे असायचं कारणच नाही.

रेकॉर्ड ऑफिसला काय मागायचं

मराठीत अर्ज करू नका. बेळगाव असो की सागर, टेबलावरचा क्लार्क कुठल्याही प्रांतातला असतो. हिंदी किंवा इंग्रजीत, एका पानात लिहा. वरच्या बाजूला क्रमांक, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि अंदाजे नोकरीची वर्षं. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि नातं दाखवणारा पुरावा: वंशावळ, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जे असेल ते, स्वतः सही केलेल्या प्रतींत. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

"सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. नेमकं मागा. शीट रोलची प्रत मागा. त्यात भरतीपासून सुटकेपर्यंतची कुंडली असते. शीट रोल उपलब्ध नसेल तर लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मागा. हे दुसरं वाक्य विसरू नका. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे नोकरीचे कागद सुटकेनंतर 25 वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात, त्यामुळे "दस्तऐवज मुदत संपल्याने नष्ट" असं उत्तर अगदी नेहमीचं. पण लाँग रोल कायम ठेवायचा असतो. त्यात एका जवानाची एक ओळ: नंबर, नाव, भरती, सुटका, कारण. मजकूर थोडका, पण सरकारी शिक्क्यानिशी मिळतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो आधार होतो.

नावाच्या स्पेलिंगबद्दल आडमुठेपणा करू नका. भरतीच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. पवारांचे पोवार झाले, जाधवांचे जाडव. 1945 मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचंही आडनाव इंग्रजीत वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. आडनाव मुळातच गाळलेलं असू शकतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एसनंतर एच येतो, शोलापूर असं. बार्शीतला एच मात्र गायब असतो. वयावर तर भरवसाच नको. भरतीत बसावं म्हणून वय वाढवणं किंवा घटवणं सर्रास चाले.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार

साध्या अर्जाला वाजवी वेळेत उत्तर आलं नाही की माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. इथे महाराष्ट्रातल्या माणसाची एक हमखास चूक होते: तहसील कचेरीची सवय म्हणून अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतो. सैन्य हे केंद्राच्या अखत्यारीत आहे आणि केंद्राच्या नियमात कोर्ट फी स्टॅम्प बसत नाही. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर त्या कार्यालयाच्या अकाउंट्स ऑफिसरच्या नावे जोडा, नाहीतर केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर संरक्षण खात्याखाली भारतीय सेना निवडून ऑनलाइन फी भरा. राज्याचं पोर्टल वेगळं आहे, तिथे हा अर्ज करून उपयोग नाही.

प्रश्न विचारू नका, कागद मागा. "पेन्शन का दिलं नाही" याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. "अमुक क्रमांकाच्या जवानाच्या लाँग रोल नोंदीची साक्षांकित प्रत" द्यायला बांधील आहे. अर्ज 500 शब्दांत बसवा. प्रतींना पानाला 2 रुपये पडतात. मुदत 30 दिवसांची; उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

"वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर कायद्याच्या कलम 8(3) कडे बोट दाखवा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, द्यावी लागते. पणजोबांची 1919 ची सुटका त्यात आरामात बसते. वारस असल्याचा पुरावा मात्र तरीही जोडाच; वाद घालण्यापेक्षा कागद हातात पडणं महत्त्वाचं.

पेन्शनची बाजू

फौजेचं पेन्शन मंजूर होतं ते प्रयागराजच्या पीसीडीए (संरक्षण लेखा खात्याच्या) पेन्शन कार्यालयातून, आणि त्याचा पाया म्हणजे पीपीओ. क्रमांकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी अक्षराकडे पाहा: एस म्हणजे नोकरीचं पेन्शन, डी म्हणजे अपंगत्वाचं, एफ म्हणजे कुटुंब पेन्शन. शेवटी वर्ष असतं. पेन्शन वाढलं की नवा हुकूम निघतो, त्याला माजी सैनिक कॉर पीपीओ म्हणतात. घरात सापडलेला कागद कॉर असेल तर त्यावर मूळ क्रमांकाचा उल्लेख असतो. मागणी मूळ क्रमांकावर करायची. आता सगळा कारभार स्पर्श या ऑनलाइन प्रणालीवर गेलाय. त्याआधी पेन्शन बँकेतून आणि त्याहीपूर्वी कोषागारातून किंवा पोस्टातून मिळे, म्हणून जुनं पासबुक टाकून देऊ नका.

पात्रतेचा ठोकताळा लक्षात ठेवा. लढाऊ जवानाला नोकरीचं पेन्शन मिळायला 15 वर्षं लागतात. चार वर्षं युद्धात काढून आलेल्याला ते मिळालं नाही, यात बहुधा कुणाचा घोटाळा नसतो. जखमेमुळे किंवा आजारामुळे सोडलं असेल तर अपंगत्वाचं पेन्शन वेगळं. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारची दरमहा मदत आहे. आजी हयात असेल तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तातडीने विचारा. या कार्यालयात माजी सैनिकांची नोंदणी असते, म्हणून नंबर सापडत नसला तरी तिथे एक चक्कर मारणं फायद्याचं. जाताना नाव, गाव आणि मृत्यूचं साल लिहून न्या.

विधवेचं कुटुंब पेन्शन सगळ्यात जास्त अडतं ते लग्नाच्या नोंदीवर. रजेवर येऊन लग्न केलं, परत गेल्यावर पलटणीत कळवलंच नाही, किंवा कळवलं ते माहेरच्या नावाने. फौजेत असा घरगुती बदल पार्ट टू ऑर्डरने नोंदवतात. ती ऑर्डर नसेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी बायकोच नाही. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायत किंवा तहसीलचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, असेल तर दोघांचा एकत्र फोटो अशी फाइल सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथून पेन्शनचा प्रस्ताव प्रयागराजला. आईवडील दोघंही गेले असतील तर अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी आणि अपंग अपत्य अटींवर पात्र ठरतात. नातवाला पेन्शन मिळत नाही. मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

युद्धावर गेले ते परतलेच नाहीत

अशा पूर्वजांचा शोध उलट सोपा आहे. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या, म्हणजे सीडब्ल्यूजीसीच्या संकेतस्थळावर 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत मेलेल्यांची यादी फुकट पाहता येते. जिवंत परतलेल्यांची नावं तिथे नसतात, हे आधीच लक्षात घ्या.

भारतीय जवानांचं संपूर्ण नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात घातलेलं असतं, त्यामुळे "पाटील" टाकून हाती काही लागत नाही. आडनाव सोडा. प्रगत शोधात जादा माहितीचा रकाना आहे. तिथे जिल्ह्याचं जुनं स्पेलिंग टाका, सैन्य म्हणून भारतीय सैन्य निवडा आणि येणारी यादी उतरवून घ्या. मग बापाचं नाव आणि गाव जुळवत बसा. तालुक्याच्या जुन्या स्पेलिंगनेही एकदा फिरवा, कारण काही नोंदींत जिल्हा गाळलेला असतो.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचा मोठा संहार झाला तो मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. 103, 110 आणि 117 या पलटणी तिथल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. 29 एप्रिल 1916 ला कुत पडलं आणि कैदेत असंख्य जवान मेले. त्यांची नोंद बहुधा बसरा स्मारकाखाली मिळते. त्या स्मारकाच्या भिंतींवर भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, नुसती संख्या आहे, म्हणून भिंतीचा फोटो पाहून "आपलं नाव नाही" असा निष्कर्ष काढू नका. नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत. इटलीत मेलेल्यांसाठी कॅसिनो स्मारक पाहा. व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांची नोंद तिथेच आहे.

इंटरनेटवर पंजाबची पहिल्या महायुद्धाची गावनिहाय रजिस्टरं सापडतात आणि लोक त्यात शोलापूर शोधत बसतात. ती फक्त पंजाबची आहेत.

गावातले कागद

तलाठी आणि तहसील कचेरीतले जुने फेरफार काढून पाहा. फौजेच्या नोकरीबद्दल जमीन मिळाली असेल तर फेरफारात तसा उल्लेख असतो, आणि सातबारावर भोगवटादार वर्ग 2 असा शेरा असू शकतो. जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 मृत्यूचा दाखला नसेल तेव्हा उपयोगी पडतं. जुना मजकूर मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नका, मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. काही गावांत चावडीवर किंवा वेशीत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून 1914-1919 च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके कामी आले. तिच्यावर नावं नसतात, पण निदान गावातून भरती झाली होती एवढं पक्कं कळतं.

नंबर, पलटण आणि तारखा हातात आल्यावरच युद्ध डायऱ्यांकडे, म्हणजे पलटणीने युद्धकाळात रोज लिहिलेल्या नोंदवह्यांकडे वळा. पहिल्या महायुद्धाच्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 95 या मालिकेत आहेत. दुसऱ्यातल्या इटलीच्या डब्ल्यूओ 170 आणि ब्रह्मदेशाच्या डब्ल्यूओ 172 मध्ये. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल फुकट आहे आणि लष्करी खात्याच्या बऱ्याच फाइली त्यावर वाचता येतात. डायरीत साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं. "आज दोन ठार, सात जखमी" एवढीच ओळ असते. तुमच्याकडची मृत्यूची किंवा जखमेची तारीख त्या ओळीशी जुळली, तर त्या दिवशी पलटण कुठे होती आणि काय करत होती हे पुढच्या-मागच्या चार पानांत मिळेल.